उजव्या बाजूचा खिसा

भूमितीच्या सरांना रस्ता सापडत नाही, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. आणि सगळ्यांना माहीत आहे, हे सरांनाही माहीत होतं. मागच्या वर्षी ते आठवीच्या मुलांना घेऊन संग्रहालय बघायला गेले. बघून झाल्यावर बसथांब्याकडे म्हणून निघाले आणि अर्ध्या तासाने वरात पुन्हा त्याच संग्रहालयाच्या दारात. तिथून सरांनी चुकलेलं वळण नीट आठवून पुन्हा कूच केलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा दारावरच्या रखवालदाराने मुलांना "आलात का?" असं घरच्यासारखं विचारलं आणि सरांना खुर्ची दिली. त्या खुर्चीची आठवण झाली की सर अजूनही वर्गात फळ्याकडे तोंड करून उभे राहतात.

घरात तर या गोष्टीचा रीतसर उपयोग करून घेतला जायचा. सरांची बायको औषधांच्या दुकानात कामाला. स्कूटर तीच चालवायची. अनोळखी चौक आला की ती मागे न बघता विचारायची, "अहो, डावीकडे की उजवीकडे?" सर क्षणभर डोळे मिटून, हवेत बोटाने काहीतरी आखून सांगायचे, "डावीकडे." मग ती उजवीकडे वळायची आणि बरोबर ठिकाणी पोचायची. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि ही पद्धत एकदाही चुकली नव्हती. सर समजायचे की वाऱ्यामुळे बायकोला नीट ऐकू येत नाही. म्हणजे, तसं समजून घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं.

तर अशा माणसाने ठरवलं, की मुलांना आकार, दिशा आणि जागा यांचं भान यावं म्हणून एक व्हिडिओ गेम तयार करायचा. कारण विचाराल तर उदात्त होतं. आपल्यावर जी वेळ आली ती एकाही लेकरावर येऊ नये. पण त्या उदात्त कारणाच्या खाली ती खुर्ची होती, हे सरांच्या मनाला पक्कं ठाऊक होतं.

गेम साधाच होता. पुठ्ठ्याचे चार-पाच चौकोनी ठोकळे चिकटवून एक वेडावाकडा आकार करायचा. पडद्यावर वर त्याचा एक फोटो आणि खाली दोन. खालच्या दोनपैकी एकात तोच आकार, पण फिरवून धरलेला. दुसऱ्यात त्याचा आरशातला भाऊ. उजव्या पायाची चप्पल कितीही फिरवली तरी ती डाव्या पायाची होत नाही, तसं. खेळणाऱ्याने मनातल्या मनात आकार फिरवून बघायचा आणि खरा कोणता ते ओळखायचं. असे चाळीस प्रश्न. ठोकळ्यांसाठी बायकोने दुकानातली रिकामी खोकी आणून दिली. सरांनी त्यांना पांढरा कागद लावला, तरी एका ठोकळ्याच्या कडेला 'जेवणानंतर दोन वेळा' एवढं शेवटपर्यंत दिसत राहिलं.

आता एवढं काम घरात चालू आहे म्हटल्यावर शेजारी गप्प कसे बसतील? वरच्या मजल्यावरचे काका पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मारामारी कुठंय?"

"यात मारामारी नाही काका. आकार ओळखायचे."

"मग मुलं कशाला खेळतील? निदान एखादा राक्षस तरी टाका."

समोरच्या काकूंचं म्हणणं होतं, की राक्षसाने मुलं घाबरतात, त्याऐवजी गाणं टाका. त्या स्वतः गायला तयार होत्या. नुसत्या तयार नव्हत्या, दोन दिवस जिन्यात तालीमही झाली. शेवटी तडजोड म्हणून राक्षस आला, पण प्रेमळ. प्रत्येक उत्तरानंतर तो काकूंच्या आवाजात "शाब्बास!" म्हणायचा.

"प्रत्येक?" सरांच्या मेहुणीने विचारलं. ती एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायची आणि गेमचं यंत्रातलं सगळं काम तिच्याच गळ्यात पडलं होतं. "चुकलं तरी शाब्बास?"

"चुकलं असं तोंडावर सांगितलं की मुलांच्या मनावर परिणाम होतो."

"अहो भाऊजी, चुकलेलं कळलंच नाही तर शिकणार कसं? शिकवायचा गेम आहे ना हा?"

"गुण फक्त शिक्षकांच्या संगणकावर दिसतील," सर म्हणाले. "मुलांसमोर नाही." त्यांच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची आली होती. मेहुणीने हात टेकले.

फोटोंचं काम मात्र सरांनी घरीच केलं. निळा शर्ट घालून, खिशाला पेन लावून सर आकार छातीशी धरायचे आणि लेक समोरून फोटो काढायची. ही लेक नववीत. लहानपणी कपाट, खिडकी, पाण्याची टाकी, जे दिसेल त्यावर चढायची म्हणून घरात तिचं नाव खारू पडलेलं आणि ते शाळेतही रुळलेलं. वरचे चाळीस फोटो तिने काढले. मग तिची चाचणी परीक्षा आली आणि खालचे ऐंशी फोटो सरांनी एकट्यानेच काढले. शब्दकोशाला फोन टेकवून ठेवला, आणि आपण चौकटीत मावतोय की नाही हे दिसावं म्हणून फोनचा पुढचा कॅमेरा लावला, ज्याने लोक स्वतःचे फोटो काढतात तो. आपण किती सुटसुटीत युक्ती काढली, या आनंदात ते रविवारभर होते. 'खरा' आणि 'आरसा' अशी नावं देऊन त्यांनी सगळे फोटो मेहुणीकडे पाठवले. ती बिचारी तीन कामांत बुडालेली. तिने ते जसेच्या तसे यंत्रात घातले.

मग परवानगी. शिक्षण कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि परत सरकवला. "खेळ आहे ना? खेळाचा फॉर्म वेगळा."

"मैदानी खेळ नाहीये हा. संगणकावरचा—"

"संगणकाचा फॉर्म यंत्रखरेदीचा असतो. तुम्ही यंत्र विकत घेताय का?"

"नाही."

"मग खेळाचा भरा."

त्या फॉर्मात मैदानाची लांबी-रुंदी विचारली होती. सरांनी पडदा मोजून चौदा इंच लिहिलं. पंचांचं नाव विचारलं होतं, तिथे स्वतःचं लिहिलं. 'दुखापत झाल्यास काय व्यवस्था' यापुढे बराच विचार करून 'शाब्बास म्हणण्यात येईल' असं लिहिलं. महिन्याभराने परवानगी आली आणि सोबत नियमाप्रमाणे एक शिट्टी. शिट्टी व्यायामाच्या सरांनी ताब्यात घेतली.

मुलांच्या आधी शिक्षकांनी गेम खेळून बघितला आणि इथे एक आक्रीत घडलं. सर स्वतः प्रामाणिकपणे खेळले. उत्तरांची यादी बंद करून, प्रत्येक आकार मनात फिरवून. चाळीसपैकी सदतीस! सरांनी दोनदा डोळे पुसले. विज्ञानाच्या सरांना अकरा आले, व्यायामाच्या सरांना नऊ. चित्रकलेच्या बाई, ज्या डोळे झाकून दोन्ही हातांनी वर्तुळ काढायच्या, त्यांना पडले तीन. दुसऱ्या दिवशी त्या तब्येतीचं कारण सांगून रजेवर गेल्या. सरांनी मोठ्या मनाने त्यांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: 'सरावाने जमेल.'

ती चिठ्ठी आठवली की आजही सरांचे कान तापतात.

त्या आठवड्यात सर ताठ चालत होते. संग्रहालयाचा किस्सा त्यांनी आपणहून दोघांना सांगितला, कुणी जुन्या आजारपणाबद्दल सांगावं तसा. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तर इतक्या खूश झाल्या की त्यांनी जाहीर करून टाकलं: पुढच्या वर्षी तांत्रिक रेखांकनाचा नवा वर्ग निघणार आहे, जागा वीस, आणि त्या या गेमच्या गुणांवर भरायच्या.

रेखांकनाचा वर्ग म्हणजे खारूचा जीव की प्राण. तिला घरं बांधायची होती. वह्यांच्या मागच्या पानांवर जिने, गच्च्या, आतून दिसणारे आणि बाहेरून दिसणारे मजले. गेम खेळून आली तेव्हा चेहरा उजळला होता. "बाबा, सोप्पं होतं! मला सगळे दिसतच होते." सर हसले. संध्याकाळी शाळेत थांबून त्यांनी संगणकावर यादी उघडली. साठ मुलं. खारूच्या नावापुढे दोन.

दोन. चाळीसपैकी. साठात शेवटून पहिली.

पहिल्यांदा सरांना लेकीची लाज वाटली, आणि मग लाज वाटल्याची लाज वाटली. भूमितीच्या सरांची मुलगी, खुद्द गेम बनवणाऱ्याची मुलगी! मोठ्या बाईंच्या हुकमाने उद्या गुणांची यादी भिंतीवर लागणार. चित्रकलेच्या बाई रजेवरून परत येऊन ती वाचणार. शिवाय "सोप्पं होतं" म्हणताना तिचा तो चेहरा. सरांनी इकडेतिकडे बघितलं. खोलीत पंख्याशिवाय कुणी हलत नव्हतं. त्यांनी दोनच्या आधी तीन दाबला. एकच कळ. बत्तीस झाले.

खारूची निवड झाली. तिने सरांच्या गळ्यात हात टाकले तेव्हा सरांना ते हात फार जड लागले. हिला तिथे काही जमायचं नाही, वर्षभर रडत येईल आणि त्याला कारण मी, हे रोज जेवताना त्यांच्या मनात यायचं आणि ते भाजी जास्त वाढून घ्यायचे.

गेमच्या उद्‌घाटनाला शिक्षण कार्यालयातले साहेब आले. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत निळी फीत लावलेली वीस मुलं, त्यांच्यात खारू. मागे पालक. सरांची बायको होती, मेहुणी होती, वरचे काका होते. काकू आपला "शाब्बास" मोठ्या आवाजात ऐकायला नवी साडी नेसून आल्या होत्या. आणि टेलरमास्तर होते. त्यांच्या पुतणीला पाच गुण पडून ती बाहेर राहिली होती, त्यामुळे ते हाताची घडी घालून बसले होते.

मोठ्या पडद्यावर पहिला प्रश्न आला. वर ठोकळे धरलेली सरांची छाती, खाली पुन्हा दोनदा सरांची छाती, प्रत्येक सहा फूट रुंद. मेहुणी म्हणाली होती की शर्ट कापून टाकू, पण सरांनी 'मानवी स्पर्श हवा' म्हणून तो ठेवायला लावला होता.

"एक मिनिट," मागून आवाज आला. टेलरमास्तर उभे होते. "हा शर्ट मी शिवलाय."

"छान आहे," साहेब म्हणाले.

"वरच्या फोटोतला मी शिवलाय. खालचा मी शिवलेला नाही. तीस वर्षं धंदा करतोय साहेब, मी जन्मात कधी पुरुषाच्या शर्टाला उजव्या बाजूला खिसा लावला नाही. आणि ती बटणपट्टी बघा! बायकांच्या ब्लाऊजसारखी उलटी. उद्या लोक म्हणतील मास्तरला शिवता येत नाही."

सभागृहातली झाडून सगळी माणसं सरांच्या छातीकडे बघू लागली. पडद्यावरच्या आणि खऱ्याही, कारण सरांनी मुद्दाम तोच शर्ट घातला होता. खिसा डावीकडे होता.

पहिल्यांदा उठल्या चित्रकलेच्या बाई. त्या पडद्याजवळ गेल्या, वर बघितलं, खाली बघितलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "फोटो आरशातले आहेत. खालचे सगळे. म्हणजे खरा तो आरसा झालाय आणि आरसा तो खरा." मग वळून सरांकडे बघत म्हणाल्या, "सरावाने जमेल म्हणे."

एकच गलका झाला. व्यायामाच्या सरांनी शिट्टी फुंकली. इतके दिवस ते याच संधीची वाट बघत होते. मेहुणीने जागच्या जागी यंत्र तपासलं आणि मान हलवली. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने फोटो आरशासारखे उलटे टिपले होते, म्हणून सगळी उत्तरं उलटी होती. ज्याला जे चूक दिलं ते बरोबर, आणि बरोबर ते चूक.

मोठ्या बाई हिशेबाला पक्क्या. "घाबरायचं कारण नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाचे गुण चाळीसातून वजा करा." आणि तिथेच यादी घेऊन बसल्या. चित्रकलेच्या बाई सदतीस. टाळ्या. टेलरमास्तरांची पुतणी पस्तीस. मास्तरांनी हाताची घडी सोडली. "गेमचे निर्माते, आपले सर," मोठ्या बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तीन." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरांना फक्त बायकोचं दबलेलं हसू ऐकू आलं. सतरा वर्षांची पद्धत का चुकत नव्हती, ते आज आकड्यांत सिद्ध झालं होतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं सरांना झालं. पण धरणीनेही यांना कुठल्या बाजूने घ्यायचं, असा विचार केला असावा.

आणि मग मोठ्या बाईंनी वाचलं, "बत्तीस वजा. म्हणजे आठ." त्यांचा आवाज खाली आला. "खारू, बाळा, फीत काढून ठेव."

खारू उठली. तिला काहीच समजत नव्हतं. पिन निघेना तशी ती मान वाकवून दोन्ही हातांनी ओढू लागली. "पण मला दिसत होते," ती म्हणाली, कुणाला उद्देशून नाही. "मला सगळे दिसत होते."

सरांच्या लक्षात सगळं एकदम आलं. दोन म्हणजे अडतीस. साठ मुलांत पहिली. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नाही; पोरीची जागा तेवढी जाईल, आणि मला जमत नाही असं ती जन्मभर समजेल. बोललं तर सगळ्यांना सगळं कळेल, आणि सगळ्यांत जास्त तिला. संग्रहालयातली ती खुर्ची आत्ता कुणी आणून दिली असती तर ते आनंदाने बसले असते. पण ते उभे राहिले.

"ते बत्तीस खोटे आहेत," सर म्हणाले. "तिला दोन पडले होते. मी तीन घातला पुढे."

सभागृह इतकं शांत झालं की पडद्यावरचा राक्षस मध्येच "शाब्बास!" म्हणाला तो सगळ्यांना ऐकू गेला. काकूंनी पदराने तोंड झाकलं.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही मुलीचे गुण वाढवले."

"हो."

"आणि वाढवल्यामुळे ते कमी झाले."

"हो साहेब."

साहेबांनी बराच विचार केला. "याला आमच्याकडे फॉर्म नाही," ते म्हणाले.

"आता हे कशावरून खरं मानायचं?" टेलरमास्तरांनी विचारलं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. तेव्हा मेहुणी उठली. मूळ नोंद यंत्रात असते, तिने सांगितलं. तिच्याकडे दोनच दिसत होते. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "वाटलं, भाऊजी आपणहून सांगतील." सरांना हे बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं.

खारूची फीत राहिली. गेम सरांकडून काढून चित्रकलेच्या बाईंकडे देण्यात आला. फोटो नव्याने काढायचे, चुकलं की चुकलं असं दाखवायचं आणि राक्षसाला फक्त खऱ्या उत्तराला बोलू द्यायचं, असं ठरलं. सरांनी मान डोलावली. माफी मागायला म्हणून ते बाईंकडे गेले आणि चुकून विज्ञानाच्या सरांसमोर हात जोडून उभे राहिले.

स्कूटर त्या दिवशी बंद होती, म्हणून तिघं चालत निघाले. खारू पुढे, आईबरोबर. सर चार पावलं मागे, शर्टाच्या खिशावर उगाच हात ठेवून. शाळेच्या मागचा रस्ता नवीन खोदलेला, नेहमीची वाट बंद होती. खारू न वळता म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच वाटलं मला दोन पडले?"

"यंत्राने दाखवले ना, बेटा."

"मी सांगितलं होतं ना सोप्पं होतं म्हणून. यंत्राचं खरं मानलंत, माझं नाही." ती थोडी चालली. "आणि पडले असते दोन, तर मला सांगायचं. मी सराव केला असता. शिकवायचाच गेम होता ना तो?"

वीस वर्षं मुलांना शिकवून, ज्याला येत नाही त्याला शिकवता येतं एवढी साधी गोष्ट स्वतःच्या लेकीच्या बाबतीत सुचू नये! झाकायचं तेवढं सुचलं. चालता चालता सरांचे डोळे भरून आले. बायकोने एकदा मागे वळून बघितलं.

चौक आला. दोन्ही बाजूंना सारख्याच भिंती, सारखेच दिवे. बायको थांबली. खारूही थांबली. ती कितीतरी वेळ पायाने खडा इकडून तिकडे ढकलत राहिली. मग पहिल्यांदाच मागे वळली. नाक लाल झालं होतं, पण ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"बाबा," ती म्हणाली, "डावीकडे की उजवीकडे?"

सरांनी डोळे मिटले. हवेत बोटाने नीट आखून बघितलं. "डावीकडे," ते म्हणाले.

खारूने त्यांचा हात धरला, आणि तिघं उजवीकडे वळले.